बाबांच्या 'जनता'ची तबकडी रंगवून घ्यावी की नाही?

सावकाश_काटा (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षे मी मनगटी घड्याळे जमवतो आहे. जमवतो म्हणजे तिजोरी भरावी असे काही नाही. आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये मावतील एवढीच, आजच्या तारखेला एकोणीस. त्यांतली चौदा चावीची किंवा ऑटोमॅटिक आहेत आणि पाच सेलची. या सगळ्यांचे मूळ ज्या घड्याळात आहे, त्याच्याविषयी आज मला तुमचा सल्ला हवा आहे.

ते घड्याळ म्हणजे माझ्या वडिलांचे एचएमटी जनता. तबकडीवरचे आकडे देवनागरी आहेत. मूळची पांढरी तबकडी आता दुधाच्या सायीसारखी पिवळसर झाली आहे, ४ आणि ५ यांच्या मध्ये ओल शिरल्याचा तपकिरी डाग आहे आणि 'जनता' या शब्दातला शेवटचा काना जवळजवळ पुसला गेला आहे. मागच्या आठवड्यात मी ते खडेबाजारालगतच्या एका गल्लीत दुरुस्तीला नेले. तिथल्या कारागिराने डोळ्याला भिंग लावून ते पाहिले आणि म्हणाला, "तबकडी रंगवून देतो, चार दिवसांत नवी कोरी दिसेल." मी विचार करून सांगतो असे म्हणून घड्याळ परत घेऊन आलो.

विचार करायला एवढे काय आहे, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. रोज सकाळी चहा होईपर्यंत मी या घड्याळाला चावी देतो. पहिले सात-आठ फेरे अगदी हलके जातात, मग आतली स्प्रिंग ताणली जात असल्याचे चिमटीला कळू लागते आणि शेवटी एका जागी ती ठामपणे थांबते. तिथे जोर करायचा नसतो, हे मला बाबांनी माझ्या वयाच्या सातव्या वर्षी शिकवले होते, आणि जोर केल्याबद्दल आठव्या वर्षी एक थप्पडही दिली होती. हे यंत्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. रात्री उशीजवळ ठेवले तर पंखा बंद असताना ते पाचही ठोके मोजता येत नाहीत, पण त्यांची एक बारीक सळसळ ऐकू येते.

माझे जनता दिवसाला साधारण चाळीस सेकंद पुढे जाते. सेलच्या घड्याळाच्या हिशेबाने हा दोषच आहे. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. त्यात चाळीसची चूक म्हणजे हजारात अर्धीसुद्धा नाही. एक लोखंडी पट्टी गुंडाळून ठेवायची, ती उलगडताना तिचा जोर दातेरी चाकांतून एका डोलणाऱ्या चक्रापर्यंत पोचवायचा, आणि तेवढ्या सामग्रीवर हा हिशेब सांभाळायचा, याचे मला अजूनही नवल वाटते.

आणखी एक गोष्ट आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे तुमकुरूलाही कारखाना काढला. म्हणजे घड्याळ कर्नाटकात बनलेले, त्यावरचे आकडे देवनागरी आणि ते बांधणारे मनगट बेळगावातल्या मराठी माणसाचे. आपल्याकडे पाटीवरच्या अक्षरांवरून काय काय होते, ते या धाग्यावर कोणाला सांगायला नको. या तबकडीवर मात्र तसे कधी काही झाले नाही. म्हणूनच तिला हात लावू द्यावा की नाही, या विचारात मी पडलो आहे.

निपाणीकर

मुळीच रंगवू नका. मी हे अनुभवाने सांगतो आहे, म्हणून थोडे लांबवर लिहितो.

सहा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी एचएमटी पायलट घेतले. फोटोत तबकडी पोपटी हिरवी होती आणि मला ती फार देखणी वाटली. जुन्या पायलटची ओळखच मुळी काळ्या तबकडीची आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. हातात आल्यावर दहापट भिंगाखाली पाहिले तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. कारखान्यातली छपाई ठसठशीत असते, अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. माझ्या घड्याळावरच्या अक्षरांची शाई मात्र ओल्या कागदावर पसरावी तशी पसरली होती. मिनिटांच्या रेघा एकसारख्या अंतरावर नव्हत्या, आणि चमकणाऱ्या रंगाचे ठिपके त्या रेघांच्या समोर न येता किंचित बाजूला सरकले होते. तबकडीच्या कडेला हिरव्या रंगाचा ओघळ सुकलेला होता. आतले यंत्र चालू होते एवढेच काय ते समाधान.

अशा रंगवलेल्या, चार घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. बदनामी मुंबईच्या वाट्याला आली असली तरी हा उद्योग सगळीकडे चालतो. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. हे मॉडेल आता पुन्हा बनणार नाही म्हटल्यावर जुन्या मालाला गिऱ्हाईक वाढले आणि ड्रॉवरच्या तळाशी पडलेल्या प्रत्येक तबकडीला नवा रंग चढू लागला.

तुमची तबकडी अस्सल आहे. पुसलेला काना परत आला तर तो कोणाच्या तरी हाताचा काना असेल, कारखान्याचा नसेल.

शहापुरी

निपाणीकरांचा अनुभव मान्य आहे, पण त्यांचे घड्याळ विकत घेतलेले होते आणि इथे प्रश्न घरच्या घड्याळाचा आहे. आमचे घर विणकरांचे. साडीचा काठ विरला तर आम्ही रफू करतो. विरलेला काठ अस्सल आहे म्हणून तो तसाच ठेवून कोणी लग्नाला जात नाही. सावकाश_काटा यांना हे घड्याळ विकायचे नाही, मग संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत घटेल की वाढेल याचा विचार त्यांनी का करावा? वडिलांची वस्तू नीटनेटकी दिसावी असे वाटण्यात काही चूक आहे, असे मला वाटत नाही.

निपाणीकर

शहापुरी, तुमचाच दाखला घेतो. रफू म्हणजे घड्याळाचे ऑइलिंग, झिजलेली चावी बदलणे, काचेचे ओरखडे काढणे. तबकडी रंगवणे म्हणजे जुन्या साडीचा पदर कापून दुसऱ्या साडीचा लावण्यासारखे आहे. काठ तोच राहील, पण आजीची साडी म्हणून दाखवताना तुम्हीच अडखळाल.

शहापुरी

पदराचा दाखला लागू पडला, हे कबूल करतो. तरी माझे मत अर्धेच बदलले आहे.

उद्यमबागवाला

मूळ प्रश्नावर माझे मत 'रंगवू नका' असेच आहे. पण दिवसाला चाळीस सेकंद पुढे जाण्याविषयी काही सांगायचे आहे, कारण दुरुस्तीला देण्याआधी एक गोष्ट घरच्या घरी तपासून पाहता येते.

मी मशीन शॉपमध्ये काम करतो. ग्राइंडिंगच्या मशीनवर जॉब धरून ठेवायला मॅग्नेटिक चक असतो. माझे सायको ५ एके दिवशी अचानक सात-आठ मिनिटे पुढे पळू लागले. मला वाटले यंत्र गेले. प्रत्यक्षात आतली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकित झाली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की तिची कामाची लांबी कमी होते आणि चक्र भराभर डोलू लागते. म्हणून चुंबक लागलेले घड्याळ बहुतेक वेळा पुढेच जाते. घड्याळाजवळ साधे होकायंत्र धरा. यंत्र चालू असताना सुई थरथरली किंवा फिरली तर संशयाला जागा आहे. दुरुस्तीवाल्याकडे चुंबकत्व काढायचे छोटे उपकरण असते, काम काही सेकंदांचे असते. मोबाइलचे स्पीकर आणि पर्सची चुंबकी बटणे यांच्याजवळ चावीचे घड्याळ रात्रभर ठेवू नये.

चाळीस सेकंद हे चुंबकाचे लक्षण सहसा नसते, तेल सुकल्याचे किंवा साध्या ॲडजस्टमेंटचे असू शकते. तरीही तपासायला खर्च काहीच नाही.

जाता जाता सेलच्या घड्याळांची बाजूही मांडतो, कारण या धाग्यावर त्यांना उगाच सावत्र वागणूक मिळते आहे. कामावर मी कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू बांधतो. हे मॉडेल १९८९ सालापासून आजतागायत विकले जात आहे. त्याच्या आत गारगोटीच्या जातीचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण दोनाने पंधरा वेळा भागला की बरोबर एक उरतो, आणि तोच तुमचा सेकंद. डोलणाऱ्या चक्राचे नवल वाटते, तसे या भागाकाराचेही वाटायला हवे.

सावकाश_काटा

होकायंत्राची युक्ती आजच करून पाहिली. मुलाच्या कंपास पेटीतले होते. सुई हलली नाही. आणि सेलच्या घड्याळांना सावत्र वागणूक दिल्याचा आरोप मान्य करतो. माझ्या पाचांपैकी एक टायटन एज आहे, अवघे साडेतीन मिलिमीटर जाडीचे, आणि शर्टाच्या बाहीखाली ते आहे की नाही हे चाचपून पाहावे लागते. टायटनच्या कारखान्याचे होसूर बेंगळुरूपासून हाकेच्या अंतरावर आहे, फक्त हद्द तमिळनाडूची. सीमाभागातल्या माणसाला अशा गोष्टी बरोबर लक्षात राहतात.

खानापूरची_लेक

सगळी चर्चा पुरुषांच्या घड्याळांवर चालली आहे, म्हणून मध्येच बोलते.

माझ्याकडे आईचे एचएमटी सुजाता आहे. तबकडी जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी असेल. आई शिक्षिका होती आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, म्हणजे फळ्यावर लिहिताना हात वर गेला की तास संपायला किती वेळ आहे ते वर्गाला न कळता तिला दिसायचे. त्यामुळे त्या घड्याळाची काच स्वच्छ आहे आणि मागचे झाकण मात्र टेबलावर घासून गुळगुळीत झाले आहे. संग्राहक स्त्रियांची जुनी घड्याळे सहसा घेत नाहीत, आकार लहान म्हणून. दुरुस्तीवाले नाक मुरडतात, तेही आकार लहान म्हणूनच. माझ्यासारखीला त्याचा फायदा असा की, लोक ज्यांना रद्दीच्या भावात काढतात अशी तीन सुंदर घड्याळे मला दोन वर्षांत मिळाली.

आता ओलीविषयी. खानापूरच्या पावसात चार महिने कपाटातले चामड्याचे पट्टे बुरशीने पांढरे होतात, तिथे घड्याळाचे काय सांगावे. तुमच्या ४ आणि ५ मधला डाग बहुधा चावीच्या बाजूने आला नसावा, कारण चावी ३ वर असते. काचेच्या कडेतून पाणी शिरले असावे. जुन्या घड्याळावर 'वॉटरप्रूफ' असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण आतले रबर केव्हाच कडक होऊन भेगाळलेले असते. पावसाळ्यात मी जुनी घड्याळे बांधतच नाही. औषधांच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून घट्ट झाकणाच्या डब्यात घड्याळांबरोबर ठेवते. आणि काचेखाली वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उद्योग करू नये, सरळ त्याच दिवशी झाकण उघडून घ्यावे. एका रात्रीत स्टीलच्या बारीक भागांवर गंज धरायला सुरुवात होते.

तबकडीबद्दल माझे मत: डाग राहू द्या, डाग वाढू देऊ नका.

कॅम्पातला_जुना

खानापूरच्या ताईंचे शेवटचे वाक्य मनापासून पटले. एका धोक्याकडे मात्र कोणी लक्ष वेधलेले नाही.

तुमच्या जनताला हे लागू नाही, कारण त्याच्या तबकडीवर चमकणारे ठिपके नसावेत. परंतु ज्यांच्या घरी १९६० च्या आधीची, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची स्विस घड्याळे आहेत, त्यांनी ती तबकडी रंगवायला देण्याचा विचारही करू नये. आपल्या छावणीच्या गावात निवृत्त लोकांच्या पेट्यांतून अशी घड्याळे बरीच निघतात. माझ्याकडेच वेस्ट एंडचे एक आहे. त्या काळच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असे. घड्याळ आज चमकत नाही, म्हणजे रेडियम संपले, असा सर्वांचा समज होतो आणि तो चुकीचा आहे. रंगातले झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्याने निकामी होते, म्हणून उजेड जातो. रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. काच बंद असताना असे घड्याळ कपाटात ठेवायला फारशी हरकत नसते, पण तबकडी खरवडली की तिची भुकटी श्वासावाटे पोटात आणि फुप्फुसात जाते. रंगवणारा कारागीर तेच करतो, आणि बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेही नसते.

अथणीकर

या धाग्यावर बहुधा मीच सगळ्यांत लहान आहे. माझ्याकडे वारशाने आलेले एकही घड्याळ नाही, म्हणून माझा संग्रह सगळा बाजारातून उभा राहिला. तरी त्यात एक गंमत मी शोधून काढली आहे.

सायकोच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर क्रमांक असतो. त्याचा पहिला अंक सालाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी ओ, एन आणि डी ही अक्षरे येतात. दशक मात्र त्यावरून कळत नाही, ते आतल्या यंत्रावरून ओळखावे लागते. माझा जन्म मार्च १९९८ चा, म्हणून मी ८३ ने सुरू होणारे सायको ५ शोधत होतो. आत ७एस२६ यंत्र असले पाहिजे, कारण ते १९९६ च्या सुमारास आले. मात्र ते पुढे अनेक वर्षे बनत राहिल्यामुळे घड्याळ २००८ चेही असू शकते. शेवटी कोल्हापूरला एका दुकानदाराकडे मूळ पावतीसकट मिळाले आणि पावतीवर तारीख १९९९ ची होती. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

या यंत्राला चावी देताच येत नाही, हात हलवूनच ते चालते. त्यामुळे सावकाश_काटा यांनी वर्णन केलेला सकाळचा तो ठाम थांबा मी कधी अनुभवलेला नाही. आता एक जनता घ्यावेच लागणार.

सावकाश_काटा

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्याच कारागिराकडे गेलो आणि फक्त साफसफाई व ऑइलिंग करा, तबकडीला हात लावू नका, असे सांगितले. तो किंचित नाराज झाला, पण मला समोर बसवून काम केले. जे दिसले ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्याने मागचे झाकण काढून उजेडात धरले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या चार ओळी होत्या. दुरुस्तीवाले असे करतात हे मी ऐकून होतो, स्वतःच्या घड्याळात मात्र कधी पाहिले नव्हते. पहिल्या दोन ओळी देवनागरीत होत्या, त्यांतल्या एकीत '७६' आणि दुसरीत 'बॅलन्स' (म्हणजे ते डोलणारे चक्र) असे वाचता आले. तिसरी ओळ कन्नड अंकांत होती. चौथी इंग्रजीत, नुसती दोन आद्याक्षरे. कारागिराने भिंग सारखे करत तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "हा आमच्या मामांचा हात आहे. ते साल कोरताना शेवटच्या अंकाची शेपटी अशीच ओढायचे." मामा वारले त्याला आता बरीच वर्षे झाली. हे दुकान मुळात त्यांचेच.

मग त्याने स्वतःची ओळ कोरली. कोणत्या लिपीत कोरू, असे त्याने विचारले, आणि मी म्हणालो, तुमच्या हाताला जी सवयीची असेल तिच्यात. त्याने कन्नडमध्ये कोरली.

काचेवरचे ओरखडे घासून काढले आहेत. घड्याळ आता दिवसाला बारा सेकंद पुढे जाते. डाग जागच्या जागी आहे.

शहापुरी

माझे उरलेले अर्धे मतही बदलले. पट्टा तरी नवा घातलात की तोही बाबांच्या वेळचाच ठेवणार?

सावकाश_काटा

पट्टा बाबांनीच चार वेळा बदलला होता, त्यामुळे त्याबाबत माझा काही हट्ट नाही. सध्या नायलॉनचा आहे.

अथणीकर

नायलॉन काढा. आमच्या गावात कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत; त्यांच्यातल्या एका काकांकडून मी बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याचे दोन पट्टे करून घेतले आहेत. सुरुवातीला कडक लागतात, महिन्याभरात मनगटाच्या वळणाला येतात. पट्टा बसतो तिथले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कळवा, म्हणजे पुढच्या रविवारी बेळगावला येताना घेऊन येतो. पावसाळ्यात मात्र खानापूरच्या ताईंचे ऐका आणि काढून ठेवा.